अभयारण्याचा कारभार व शेतकरी

अभयारण्य म्हटलें कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें किर्र रान, वाघाचा माग आणि वाटेवर उभा असलेला पहारेकरी येतो. ज्या शेतकऱ्याचा ज्वारीचा गट, विहीर व गोठा अभयारण्याच्या हद्दींत पडला आहे, त्याच्यापुढें मात्र दुसरेंच चित्र असतें. त्याला अभयारण्य दिसतें तें सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यांतील एका ओळीच्या रूपानें. सोलापूर व अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील पुष्कळ खातेदारांस ही ओळ चांगली परिचयाची आहे. ती तेथें कशी येते, कायद्याप्रमाणें पुढें काय व्हावयास पाहिजे, काय होत नाहीं, आणि अभयारण्याचा कारभार नीट चालावयाचा तर त्याचें धोरण कसें असावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. मीं महसूल खात्यांत कारकून म्हणून तीस वर्षें काढलीं. पक्षिशास्त्र मला येत नाहीं. परंतु जाहीरनामा, हद्द, दावा व फेरफार यांत माझा जन्म गेला, आणि अभयारण्याचा निम्मा कारभार याच चार गोष्टींचा असतो.

पाखरूं व त्याचा माळ

उदाहरणादाखल माळढोक अभयारण्य घेऊं. माळढोक हा माळावर राहणारा मोठा पक्षी. नर उभा राहिला म्हणजे सुमारें तीन फूट उंच भरतो व त्याचें वजन दहा ते पंधरा किलोपर्यंत असतें. उडूं शकणाऱ्या पक्ष्यांत इतके जड पक्षी थोडेच आहेत. तो झाडावर बसत नाहीं. मादी उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला, बहुधा एकच अंडें घालते, आणि तें अंडें कुत्र्यानें, कोल्ह्यानें किंवा मेंढरांच्या खुरांनीं गेलें कीं त्या सालची वीण बहुतेक बुडाली असें समजावें. त्याचें खाणें टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे, त्याचप्रमाणें बोरें, भुईमुगाचे व धान्याचे दाणे. सारांश, थोडें गवत, थोडी पडीत जमीन व भोंवतालीं जिराईत पिकें अशी जी आपल्या दुष्काळी भागाची जुनी ठेवण होती, ती त्याला मानवणारी होती. शेतकरी व हें पाखरूं यांच्यांत मुळांत वैर नव्हतें, ही गोष्ट प्रथम ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे.

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्यास लागलें म्हणजे नान्नज हें गांव लागतें. तेथील माळावर १९७० नंतरच्या दशकांत अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमांतून गवताचे कांहीं तुकडे राखण्यांत आले, आणि राखलेल्या गवतांत माळढोक वीण करूं लागले. या पक्ष्याची संख्या सर्व देशांत घटत चालली होती, म्हणून १९७९ सालीं महाराष्ट्र सरकारनें माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर केलें. उद्देश चांगला होता. पण हद्द आंखतांना जी लेखणी चालली ती कोठें थांबावें हें विसरली. अभयारण्याचें क्षेत्र झालें ८,४९६ चौरस किलोमीटर! सबंध गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरांचें आहे. म्हणजे गोव्याच्या दुपटीहूनही हें क्षेत्र मोठें. त्यांत तालुक्यांचीं गांवें आलीं, बाजारपेठा आल्या, हमरस्ते व आगगाडीचे रूळ आले, आणि लाखो एकर खाजगी शेतजमीन आली. वनखात्याच्या ताब्यांतील जमीन हा त्यांतील अगदीं लहान अंश होता. नकाशावरील रेषेच्या आंत काय आहे हें रेषा ओढण्यापूर्वीं पाहावें, हा मोजणी खात्यांतील नव्या शिपायासही शिकवावा लागणारा धडा आहे. तो येथें कोणी गिरविलेला दिसत नाहीं.

कायद्याचा क्रम

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा या विषयाचा मूळ कायदा. त्यांत १९९१, २००२ व २०२२ सालीं महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. त्याचा क्रम वाचकांनीं नीट समजून घ्यावा. कारण वकिलाकडे जाण्यापूर्वीं एवढें ज्ञान पदरीं असलें म्हणजे पुष्कळ पैसे वांचतात.

कलम १८ अन्वयें सरकार अधिसूचना काढून एखादें क्षेत्र अभयारण्य करण्याचा इरादा जाहीर करतें. (१९९१ पूर्वीं इराद्याची पायरी नव्हती, एकदम अभयारण्यच जाहीर होई, व माळढोकाचें तसेंच झालें.) अधिसूचना निघाली कीं कलम २० लागू होतें. त्याचा अर्थ असा कीं, वारसानें किंवा मृत्युपत्रानें मिळणारा हक्क सोडून त्या जमिनींत कोणासही नवा हक्क मिळवितां येत नाहीं. खरेदीविक्रीस अडसर पडतो तो येथें. परंतु हा अडसर कायमचा असावा असें कायदा करणारांच्या मनांत नव्हतें. चौकशी चालूं असतांना मध्येंच कोणी जमिनी घेऊन भरपाईसाठीं खोटे हक्क उभे करूं नयेत, एवढ्यापुरती ती तात्पुरती गांठ होती. ती सोडविण्याचें काम जिल्हाधिकाऱ्याकडे दिलेलें आहे.

जिल्हाधिकाऱ्यानें कलम २१ प्रमाणें गांवोगांव प्रादेशिक भाषेंत जाहीरनामा लावावयाचा. त्यांत हद्द स्पष्ट करावयाची व दोन महिन्यांच्या आंत लेखी दावे मागवावयाचे. कलम २२ प्रमाणें आलेल्या दाव्यांची चौकशी करावयाचीच, पण ज्यांनीं दावा केला नाहीं त्यांचे हक्कही सरकारी दप्तरावरून व माहितगार माणसांच्या जबान्यांवरून शोधावयाचे. हें दुसरें वाक्य फार मोलाचें आहे आणि तें फार थोड्या कचेऱ्यांत वाचलें जातें. दप्तर तर महसूल खात्याच्याच कपाटांत असतें! मग कलम २४. हक्क मान्य झाला तर तीन वाटा आहेत : ती जमीन अभयारण्याच्या हद्दींतून वगळणें, मोबदला देऊन ती संपादन करणें, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकाच्या विचारानें तो हक्क तसाच चालूं ठेवणें. या तिहींपैकीं एक कांहीं तरी केलेंच पाहिजे. चौथी वाट, म्हणजे कांहींच न करणें, कायद्यांत लिहिलेली नाहीं. दुर्दैवानें तीच वाट सर्वांत अधिक मळलेली आहे.

ही गोष्ट केवळ आपल्याच प्रांताची नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें २२ ऑगस्ट १९९७ रोजीं सर्व राज्यांस हुकूम केला कीं, ज्यांनीं कलम २१ चे जाहीरनामे काढले नसतील त्यांनीं ते दोन महिन्यांत काढावेत व हक्क ठरविण्याचें काम एका वर्षांत संपवावें. न्यायालयास असा हुकूम करावा लागला, यावरूनच देशभर दप्तरांची काय स्थिति होती तें उघड होतें. पुढें २००२ च्या दुरुस्तीनें कायद्यांतच शक्यतों दोन वर्षांची मुदत घातली. त्याच दुरुस्तीनें कलम १८-अ आलें. हक्कांचा शेवटचा निकाल लागेपर्यंत, सरकारी दप्तरांत ज्यांचे हक्क नमूद आहेत अशा बाधित लोकांस सरपण, चारा वगैरेंची पर्यायी सोय सरकारनें करून द्यावी, असें हें कलम म्हणतें. वाचकांनीं आपापल्या गांवीं विचारून पाहावें कीं असा चारा कोणाच्या गोठ्यांत कधीं पोंचला काय.

एका तालुक्याच्या कचेरींत मी नवखा कारकून असतांनाची, १९९४ च्या सुमाराची गोष्ट सांगतों. अकरा एकर कोरडवाहू जमिनीचे एक वृद्ध खातेदार मुलीच्या लग्नासाठीं तीन एकर विकूं पाहत होते. गट अभयारण्याच्या हद्दींत, म्हणून फेरफार मंजूर होईना. त्यांनीं अर्ज केला. वरिष्ठांच्या सांगण्याप्रमाणें मीं त्यावर टिपण लिहिलें : “सदर गट अभयारण्य क्षेत्रांत समाविष्ट असल्यानें अर्ज निकालीं काढून दप्तरीं दाखल करावा.” ते पुन्हा आले, पुन्हा आले, दर बाजारच्या दिवशीं यावयाचे. एकदां मला म्हणाले, “भाऊसाहेब, पाखराला माझी जमीन पाहिजे असली तर त्यानें घ्यावी, मी नाहीं म्हणत नाहीं. पण कोणी तरी घ्या!” मीं त्यांस, “तात्या, माझ्या हातांत कांहीं नाहीं,” असें उत्तर दिलें. तें खरें नव्हतें. निदान कलम २४ खालीं दावा लिहून द्या, एवढें सांगणें माझ्या हातांत होतें; पण तें कलम त्या वेळीं मीं स्वतःच वाचलेलें नव्हतें, आणि त्या कचेरींत कायद्याची प्रतही नव्हती. शेवटीं त्यांनीं एका सधन माणसास साध्या साठेखतावर ती जमीन जवळजवळ अर्ध्या किंमतीस दिली. घेणारानें तीवर विहीर पाडली व पुढें ऊस लावला.

या शेवटच्या वाक्यांत माळढोक अभयारण्याचा सगळा इतिहास आला आहे. कायद्याची गांठ बसली ती गरजू माणसाच्या विक्रीवर. माळ फोडून ऊस लावण्यास तिनें फारसा अडथळा केला नाहीं. भीमेवर उजनीचें धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें; कालवे, उपसा व विंधनविहिरी यांच्या पाण्यानें बाजरी-ज्वारीच्या जागीं ऊस आणि द्राक्षें आलीं. शेतकऱ्यानें पाणी आल्यावर ऊस लावूं नये असें कोण म्हणेल? पण कागदावर आठ हजार चौरस किलोमीटर राखलेले, आणि प्रत्यक्षांत पाखराला बसावयास माळ उरेना, असा हा प्रकार झाला. अखेर हद्द कमी करण्याचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि २०१२ च्या सुमारास क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यांत आलें. तोंपर्यंत तेहतीस वर्षें लोटलीं होतीं. माझ्या त्या वृद्ध खातेदारांचा गट नव्या हद्दींत राहिलाच नाहीं. म्हणजे ज्या कारणासाठीं त्यांचा अर्ज दप्तरीं दाखल झाला, तें कारण मुळांतच चुकीचें होतें, असें सरकारनेंच कबूल केल्यासारखें झालें. अलीकडच्या वर्षांत नान्नजच्या माळावर दिसलाच तर एखाददुसरा माळढोक दिसतो. सर्व देशांत मिळून दीडशेंच्या आंतच पक्षी उरले असावेत असा जाणत्यांचा अंदाज आहे, व त्यांतील बहुतेक राजस्थानांत जैसलमेरकडे आहेत.

करेऱ्याचा दाखला

आमच्याकडे हद्द फार मोठी होती म्हणून हें झालें, लहान असती तर सर्व सुरळीत झालें असतें, असें कोणी म्हणेल. त्यानें मध्यप्रदेशाच्या शिवपुरी जिल्ह्यांतील करेरा पाहावें. तेथें १९८१ सालीं माळढोकासाठींच अभयारण्य झालें. क्षेत्र सुमारें २०२ चौरस किलोमीटर, त्यांतही गांवें व शेतीच अधिक. प्रारंभीं पहारा नीट बसला, गांवकरीही अनुकूल होते, आणि पाखरांची संख्या वाढली. पुढें संरक्षणामुळें काळवीटही वाढले. काळविटांचे कळप पिकांत शिरूं लागले. नुकसानभरपाईची नीट सोय नव्हती. आणि जमीन विकण्यास मनाई होतीच. गांवकऱ्यांच्या मनांत काळविटाचा राग, अभयारण्याचा राग व माळढोकाचा राग असे तीन वेगळे कप्पे राहिले नाहींत. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्याला तेथील माळढोक नाहींसा झाला. पाखरूं गेलें तरी अधिसूचना राहिली, आणि ती रद्द व्हावी म्हणून गांवकऱ्यांस त्यानंतरही कित्येक वर्षें झगडावें लागलें. ज्याच्यासाठीं मनाई केली तो पक्षी नाहीं, मनाई मात्र आहे, असा हा अजब कारभार!

आपल्याकडे कर्जत तालुक्यांतील रेहेकुरी येथें काळविटांसाठीं १९८० सालचें अभयारण्य आहे. तें फक्त २.१७ चौरस किलोमीटरांचें. तेथें काळवीट वांचला व वाढला, ही आनंदाची गोष्ट. पण एवढ्याशा जागेंत त्याचें पोट भरत नाहीं, तो भोंवतालच्या शेतांत चरतो, आणि राखणीचा भार शेजारच्या खातेदारांवर पडतो. तेव्हां क्षेत्र मोठें कीं लहान हा प्रश्न दुय्यम आहे. जनावर कोठें चरतें, कोठें वितें, केव्हां कोठें जातें, व त्याच्या वाटेंत कोणाचे हक्क आहेत, हें अगोदर पाहून मग हद्द व नियम ठरवावेत, हें खरें धोरण.

गवताची व्यवस्था

अभयारण्याच्या कारभारांत जी दुसरी मोठी चूक होते ती झाडें लावण्याची. माळ उघडा दिसला कीं त्याला ओसाड म्हणावयाचें व तेथें रोपें लावावयाचीं, ही आपल्या सरकारी खात्यांची जुनी खोड आहे. महसूल दप्तरांतही अशा जमिनीस ‘पडीक’ म्हणून लिहिण्याची चाल आहे, आणि तो दोष माझ्याही लेखणीकडे येतो. कर्नाटकांत राणेबेन्नूर येथें १९७४ सालीं काळविटांसाठीं अभयारण्य झालें. तेथें माळढोकही होता. पण त्या माळावर निलगिरीची लागवड वाढली, आणि उघड्या जागेवर राहणारें हें पाखरूं तेथून गेलें. नान्नज भागांतही कांहीं ठिकाणीं गिरिपुष्पासारखीं झाडें लावलीं गेलीं. वाघासाठीं जी गोष्ट चांगली ती माळढोकासाठीं वाईट असूं शकते. म्हणून प्रत्येक अभयारण्याचा मुख्य हेतु एका वाक्यांत लिहून ठेवावा, आणि प्रत्येक काम त्या वाक्याशीं ताडून पाहावें.

चराईचेंही तसेंच. कायद्याचें कलम ३३ चराईस सरसकट बंदी करीत नाहीं. वन्यजीवांच्या हिताला अनुसरून तिचें नियमन, नियंत्रण किंवा मनाई करावी, असें तें म्हणतें. मुळींच चराई नसली तर गवत दाट व उंच होतें, त्यांत काटेरी झुडपें माजतात, आणि माळढोकास तें आवडत नाहीं. चराई अति झाली तर मारवेल व पवन्या जाऊन कुसळी उरते, आणि अंडीं तुडविलीं जातात. माझ्या मतें पावसाळ्यांत, म्हणजे विणीच्या दिवसांत, ठराविक तुकडे पूर्ण बंद ठेवावेत. पावसाळा सरल्यावर त्यांतील गवत कापून गांवच्या पशुपालकांस माफक दरानें द्यावें, आणि धनगरांच्या मेंढरांस उरलेले तुकडे पाळीपाळीनें मोकळे करावेत. कोणता तुकडा कोणत्या महिन्यांत बंद, हें वर्षाच्या आरंभीं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावें. ज्या माणसास नियम अगोदर कळतो तो बहुधा पाळतो. जो पकडला गेल्यावर कळतो त्या नियमाचा द्वेषच होतो. अभयारण्याच्या आंत व त्याच्या पांच किलोमीटरांपर्यंतच्या गुरांस सांथीच्या रोगांची लस टोंचण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकानें करावी, असें कलम ३३-अ म्हणतें. हीही सोय शेतकऱ्यांनीं हक्कानें मागून घ्यावी. भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त मात्र गांवानेंच केला पाहिजे. त्यांत वनखात्याच्या तोंडाकडे पाहत बसण्यांत अर्थ नाहीं.

विजेच्या तारांविषयीं थोडें सांगतों. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानें त्यास नीट समोरचें कमी दिसतें, आणि अंग जड असल्यानें ऐन वेळीं वळतां येत नाहीं. राजस्थान व गुजराथ येथें उच्च दाबाच्या तारांवर आदळून बरेच पक्षी मेले. सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२१ मध्यें तेथील तारा जमिनीखालून नेण्याविषयीं आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्यें तो बदलून विषय तज्ज्ञांच्या समितीकडे सोंपविला. यावरून एवढेंच घ्यावयाचें कीं, अभयारण्याची हद्द राखली तरी आकाशांतील वाट राखली नाहीं तर काम अपुरें राहतें.

परदेशांतील रीत

लेखी धोरण कसें असतें हें पाहावयाचें तर अमेरिकेकडे पाहणें उपयोगी पडेल. कारण तेथें सरकारी अभयारण्यांची एक सबंध व्यवस्था शंभरांहून अधिक वर्षें चालूं आहे, आणि तेथेंही अडचण शेतकरी व पशुपालक यांच्याशींच येते. फ्लोरिडा संस्थानांतील पेलिकन नांवाच्या लहानशा बेटावर १९०३ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं पहिलें सरकारी पक्षिस्थान राखलें. आतां अशीं स्थानें साडेपांचशेंहून अधिक आहेत. १९९७ च्या कायद्यानें प्रत्येक स्थानासाठीं पंधरा वर्षांचा लेखी आराखडा करणें आवश्यक केलें, व तो करतांना लोकांचें म्हणणें ऐकणें बंधनकारक केलें. कोणताही नवा वापर, मग तो चराईचा असो, गवतकापणीचा असो कीं शिकारीचा असो, मंजूर करण्यापूर्वीं तेथील अधिकाऱ्यानें तो स्थानाच्या मूळ हेतूशीं सुसंगत आहे कीं नाहीं हें कारणांसहित लिहून काढावें लागतें. ‘वरिष्ठांचा तोंडी हुकूम’ तेथें चालत नाहीं. कारकून म्हणून मला ही रीत फार आवडली.

शेतकऱ्यास लागू पडणाऱ्या दोन गोष्टी त्यांच्याकडे आहेत. कांहीं स्थानांतील जमीन शेतकऱ्यांस करारानें पेरावयास देतात. शेतकऱ्यानें आपला हिस्सा कापून न्यावा व ठरलेला हिस्सा बदकें, राजहंस यांच्यासाठीं शेतांत उभा ठेवावा, अशी अट असते. आपल्याकडील अर्धेलीची ही एक तऱ्हाच म्हणावयाची, फक्त भागीदार पांखरें आहेत. दुसरी गोष्ट कराची. सरकारनें जमीन विकत घेऊन राखली म्हणजे स्थानिक संस्थेचा जमिनीवरील कर बुडतो; म्हणून १९३५ च्या कायद्यानें त्या जिल्ह्यांस कांहीं रक्कम भरून देण्याची तजवीज आहे. ती नेहमीं पुरी मिळतेच असें नाहीं, कारण कायदेमंडळ पैसे हात आंखडून देतें. पण तत्त्व मान्य आहे.

सर्व गोड आहे असेंही समजूं नये. ओरेगॉन संस्थानांतील मॅल्हूर येथील पक्षिस्थानाच्या कचेरीचा २ जानेवारी २०१६ रोजीं सशस्त्र लोकांनीं कबजा घेतला व तो एकेचाळीस दिवस टिकला. सरकारनें जमिनी बळकावल्या अशी त्यांची तक्रार होती. पण त्यांत बहुतेक बाहेरचे लोक होते. तेथील पशुपालक, मूळ रहिवासी जमात, पक्षिप्रेमी व सरकारी अधिकारी यांनीं वर्षानुवर्षें एकत्र बसून २०१३ सालीं त्या स्थानाचा आराखडा पुरा केला होता, आणि स्थानिक पशुपालकांपैकीं बहुतेकांनीं त्या बंडास साथ दिली नाहीं. ज्या कागदावर आपलें म्हणणें उतरलेलें आहे तो कागद जाळावयास माणूस सहसा निघत नाहीं.

खातेदारानें काय करावें

आपल्या कायद्यांतही लोकांच्या म्हणण्यास जागा केलेली आहे. ती रिकामी राहते एवढेंच. कलम ३३-ब प्रमाणें अभयारण्यासाठीं सल्लागार समिति नेमावयाची असते. तींत त्या भागाचे विधिमंडळ सदस्य, पंचायत राज्य संस्थांचे तीन प्रतिनिधि, तसेंच पशुवैद्यकीय खात्याचा माणूस असावा लागतो. आपल्या अभयारण्याची अशी समिति आहे काय, तिची शेवटची सभा केव्हां झाली, तिचें इतिवृत्त कोठें पाहावयास मिळेल, हें माहितीच्या अधिकाराखालीं एका साध्या अर्जानें विचारतां येतें. २०२२ च्या दुरुस्तीनें अभयारण्याचा कारभार मंजूर व्यवस्थापन आराखड्याप्रमाणें चालविण्याचें बंधन घातलें आहे. त्या आराखड्याची प्रत ग्रामपंचायतीनें मागून घ्यावी व गवत, चराई, पिकांची नुकसानी यांविषयीं त्यांत काय लिहिलें आहे तें ग्रामसभेंत वाचावें. नसेल लिहिलें तर ठराव करून लिहावयास लावावें.

ज्यांच्याकडे माळ आहे व तो राखण्याची इच्छा आहे त्यांच्यासाठीं कलम ३६-क मध्यें ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ म्हणून निराळी सोय आहे. गांवानें किंवा एखाद्या खातेदारानें आपण होऊन पुढें यावें, सरकारनें तें क्षेत्र जाहीर करावें, आणि त्याचा कारभार ग्रामपंचायतीनें किंवा ग्रामसभेनें नेमलेल्या बहुसंख्य सदस्यांच्या समितीनें पाहावा, असा तो बेत आहे. मालकी मालकाचीच राहते. मात्र एकदां जाहीर झाल्यावर समितीचा ठराव व सरकारची मंजुरी यांवांचून जमिनीचा वापर बदलतां येत नाहीं. तेव्हां भावकींत एकमत असल्याखेरीज व मुलांस विचारल्याखेरीज सही करूं नये. उत्पन्न बुडाल्याची भरपाई अशा योजनेंत आपोआप मिळत नाहीं, आणि माझ्या मतें या कलमाचा हा मोठा उणेपणा आहे. चारा पिकविणाऱ्या माळास पीक समजून त्याबद्दल दर एकरीं कांहीं तरी मोबदला ठरल्याशिवाय, पाण्याची सोय असलेला शेतकरी ऊस सोडून गवत राखील, ही अपेक्षा करणें व्यर्थ आहे.

नवीन अधिसूचना निघाल्यास किंवा जुन्या अभयारण्याची चौकशी पुन्हां उघडल्यास, दावा असा करावा. अधिसूचनेची प्रत घेऊन तींतील गट नंबर आपल्या सातबाऱ्याशीं ताडून पाहावा. एकत्रीकरणांत बदललेले जुने सर्व्हे नंबर अधिसूचनेंत असण्याचा संभव असतो, म्हणून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ दाखविणारा उतारा तलाठ्याकडून घ्यावा. सातबारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला व गटाचा नकाशा जोडावा. विहीर, बांधावरील झाडें, गोठा, पाणंद, पाण्याचा पाट यांचा उल्लेख वेगवेगळा करावा. ‘इत्यादि’ लिहूं नये, कारण इत्यादीचा मोबदला मिळत नाहीं. चराईचा किंवा वहिवाटीचा हक्क असेल तर वाजिब-उल-अर्ज काढून पाहावा. तो बहुधा कोणी मागितलेला नसतो. दाव्यांत तिन्ही वाटांपैकीं आपणांस कोणती पाहिजे तें स्पष्ट लिहावें : हद्दींतून वगळणें, मोबदला, कीं हक्क चालूं ठेवणें. मोबदला मागावयाचा असल्यास रकमेचा आंकडा व तो कसा काढला तें लिहावें. दावा दोन प्रतींत न्यावा, दोन महिन्यांची मुदत संपण्याच्या बऱ्याच अगोदर न्यावा, आणि आवक कारकुनाकडून दुसऱ्या प्रतीवर तारीख, आवक क्रमांक व शिक्का घेतल्यावांचून कचेरींतून हलूं नये. “साहेब दौऱ्यावर आहेत, उद्यां या,” असें कोणी म्हटलें तरी शिक्क्यासाठीं साहेब लागत नाहींत. तो आवक कारकुनाच्या टेबलावरच असतो.